चौदावा फर्मा

हुक्केरींनी दाढीच्या ब्लेडनं पुस्तकाच्या पाठीतला पहिला दोरा कापला, तेव्हा शालन खोराटेनं डोळे मिटून घेतले. ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती आम्ही सगळे उभे होतो. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचे मराठीचे बारा विद्यार्थी, त्यांचा मास्तर म्हणजे मी आणि ग्रंथपाल हुक्केरी.

"पाप लागंल सर," बाबू देसाई म्हणाला. तो आमच्या वर्गातला सगळ्यात बोलका.

"कपाटात नुसतं ठेवलं तर लागंल," हुक्केरी म्हणाले आणि त्यांनी दुसरा दोरा कापला.

ही १९८७च्या दिवाळीनंतरची गोष्ट. गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका गावातल्या कॉलेजात मी नुकताच लागलो होतो. वय सव्वीस, अंगावर खादीचा झब्बा आणि आपल्याला कादंबरी कळते असा दांडगा समज. विद्यापीठानं त्या वर्षी तीस वर्षांपूर्वीची एक कादंबरी अभ्यासाला लावली होती. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे मी तिचा शेवट सांगून टाकणार आहे आणि चुकून कुणाच्या हाती ती लागलीच, तर त्याची मजा कशाला घालवा. प्रकाशकानं नवी आवृत्ती दसऱ्याला देतो म्हणून सांगितलं, मग दिवाळीला देतो म्हणून सांगितलं. बाजारात गाईडही नव्हतं. आमच्या ग्रंथालयात एकच प्रत होती आणि वाचणारी तोंडं बारा.

तोड हुक्केरींनी काढली. पूर्वी ते निपाणीला एका बाइंडरकडे कामाला होते. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्या एकत्र शिवलेल्या असतात, छापखान्यात त्यांना फर्मा म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. आमच्या कादंबरीचे चौदा फर्मे निघाले. प्रत्येकाला खाकी कव्हर चढलं, वर शाईनं नंबर पडला. दर शनिवारी आपला फर्मा शेजाऱ्याला द्यायचा आणि पुढचा घ्यायचा. बारा मुलं आणि तेरावा मी. चौदावा, शेवटचा फर्मा मात्र हुक्केरींच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. शेवट सगळ्यांनी एकदमच ऐकायचा, असा नियम मी केला.

खरी गोष्ट अशी की, ती कादंबरी मीही वाचलेली नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ड्रॉवरची किल्ली मागितली असती तर हुक्केरींनी लगेच दिली असती, पण नियम मीच केलेला, तो मीच कसा मोडणार? शिवाय तेरा आठवडे मलाही त्या मुलांसारखं पुढचं काय, पुढचं काय, असं होत होतं. ते सुख मला नंतर कुठल्याच पुस्तकानं दिलं नाही.

प्रत्येकाची कादंबरी वेगळ्या ठिकाणी सुरू झाली. बाबूला सहावा फर्मा आला. त्यात कादंबरीतल्या नावाड्याची बायको मेली आणि आठ आठवड्यांनी, बाबू पहिल्या फर्म्यावर पोचला तेव्हा, ती परत जिवंत होऊन भाकरी थापत बसली. तो वर्गात म्हणाला की, भाकरी थापणाऱ्या त्या बाईकडे बघून त्याला रडायला आलं. कथानक आणि घटनाक्रम यांतला फरक मी तासभर शिकवला असता, तरी इतका कळला नसता. कुणाच्या घरात काय घडलं हे गाव जसं पाणवठ्यावर जोडून जोडून घेतं, तशी आम्ही ती कादंबरी जोडून घेत होतो.

कादंबरी एका म्हाताऱ्या नावाड्यानं सांगितलेली होती. नदीच्या या तीरावर त्याचं गाव, त्या तीरावर मास्तरकीचं शिक्षण देणारं विद्यालय. त्याची एकुलती मुलगी तानी हुशार, तिला पलीकडे शिकायला जायचंय आणि नाव बापाच्याच हातात. नावेत बसेल त्या उतारूला म्हातारा तानीची गोष्ट सांगायचा. तिच्यासाठी आपण काय काय केलं ते सांगायचा.

"देवमाणूस हाय सर," बाबूनं निकाल दिला.

शालन सहसा बोलत नसे. खिडकीजवळच्या बाकावर बसायची, वेणी पुढे घेऊन तिचं टोक चाळवत ऐकायची. त्या दिवशी ती उभी राहिली.

"सर, हा माणूस न विचारता सांगतोय. उतारूनं विचारलेलं नसताना आपण पोरीसाठी काय केलं ते जो बाप सांगत सुटतो, त्याला काहीतरी झाकायचं असणार."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग आम्ही सगळे फर्मे पुढ्यात घेऊन बसलो. नावेत शाळामास्तर बसला की म्हातारा तानीच्या हुशारीचं सांगे, पाटील बसला की तिच्या आज्ञाधारकपणाचं, एखादी बाई बसली की तिच्या आईविना वाढण्याचं. मला स्फुरण चढलं. मी फळ्यावर लिहिलं: 'गोष्ट कोण सांगतंय ते बघाच, पण ती कुणासाठी सांगतंय ते आधी बघा.' या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की पुढे तीस वर्षं दर नव्या वर्गाला ते ऐकवत आलो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे तेरा फर्मे वाचून झाले. तानी पेटी भरून काठावर येते आणि नाव जागेवर नाही, इथे तेरावा संपला होता. म्हातारा तिला पलीकडे नेतो की नाही, यावर वर्गात हात वर करून मतं घेतली. नऊ जण म्हणाले नेतो, तिघं म्हणाले नाही. त्या तिघांत शालन होती. शेवटचा फर्मा आधी कुणी वाचायचा यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर नाव तिचंच निघालं. शनिवारी हुक्केरींनी कुलूप उघडून तिच्या हातात तो दिला, तिनं कपाळाला लावून पिशवीत ठेवला. सोमवारी तिनं तो वर्गात मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी बाबूनं बातमी आणली की शालनचं लग्न ठरलंय. मुलाचं कापडाचं दुकान आहे, घर बरं आहे, आणि तारीख धरलीय ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यात. तिचं कॉलेज बंद.

मला शिकवणारं एकच पोर भेटलं होतं आणि तेच पदवीच्या दारातून परत चाललं. पण मी नवखा, परक्या गावचा. बापाला जाऊन काय सांगणार? हुक्केरींनीच ढकललं. "फर्मा परत आणायचं निमित्त करून जावा. नुसतं सांगायला गेलात तर दारातनं घालवतील. पुस्तक मागायला आलेल्या मास्तराला बसा म्हणावंच लागतं."

रविवारी दुपारी सायकल हाणत नऊ किलोमीटरवरच्या त्यांच्या वाडीत गेलो. शालनचे वडील गणपतराव खोराटे हे नावाजलेले गुळवे. गुऱ्हाळावर काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा, हे त्यांच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही म्हणत. घटकाभर लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. माणूस उंच, काळासावळा, हाताची बोटं गुळानं कायमची तपकिरी झालेली. ते सोप्यात बसून घायपाताचं दावं वळत होते. मला घोंगडं टाकून दिलं, पाणी मागवलं. पाणी घेऊन शालनच आली आणि तांब्या ठेवून आतल्या दाराशी उभी राहिली.

मी आपला पुस्तकाचंच बोललो. परीक्षेचा शब्द जिभेवर यायचा आणि माघारी जायचा. फर्मा द्या, वर्ग खोळंबलाय, एवढंच म्हणालो.

"त्यो शेळीनं खाल्ला," गणपतराव दाव्यावरची नजर न काढता म्हणाले.

मी शालनकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. तेरा आठवडे जपलेल्या पुस्तकाचा शेवट शेळीच्या पोटात! मला रडावं की हसावं कळेना. मग विचारलं, "तू वाचला होतास का तोवर?"

तिनं बापाच्या पाठीकडे बघितलं. "वाचलाय सर."

"मग सांग."

शालननं सांगायला सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. तानी तीन दिवस काठावर बसून राहते. चौथ्या दिवशी पहाटे म्हातारा उठतो. तिला हाक मारत नाही, नुसती तिची पेटी उचलून खांद्यावर घेतो आणि चालायला लागतो. नाव त्यानंच वरच्या अंगाला लपवलेली असते, ती ओढून आणतो. तानी काही विचारत नाही. नदीच्या मधोमध गेल्यावर म्हातारा म्हणतो, "तुला पलीकडं नेली तर माझ्याकडं काय उरतंय, याचं भ्या वाटलं मला. दुसरं काय न्हाई." आणि वल्हं मारत राहतो. पलीकडे पेटी उतरवून देतो आणि माघारी वळतो.

सांगताना तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हातारा खोटा आहे, असं वर्गात हिनंच सांगितलं होतं, आणि शेवटी तो चांगला निघाला म्हणजे लेखकानं हिलाही चकवलं की! मी मनातल्या मनात लेखकाला दाद दिली.

दावं वळणारे हात कधी थांबले ते मला कळलं नव्हतं. मग गणपतरावांनी विचारलं, मला नव्हे, तिला.

"पोरीला सोडून म्हागारी येताना त्येला काय वाटलं, ते लिवलंय का पुस्तकात?"

"लिवलंय आबा," शालन म्हणाली. "नाव हलकी लागली, आसं लिवलंय."

"आसंल," ते म्हणाले आणि पुन्हा दावं वळायला लागले.

निघताना त्यांनी मला काकवीची बाटली दिली. परीक्षेचं मी अखेरपर्यंत बोललो नाही. त्या भित्रेपणाची लाज वाटून परतीच्या वाटेवर मी स्वतःला शिव्या घालत आलो.

आणि पुढच्या सोमवारी शालन आपल्या बाकावर बसलेली होती! गणपतरावांनी स्वतः सोयऱ्यांकडे जाऊन लग्न वैशाखात ढकललं होतं. सोयरे कुरकुरले, मोडायचीही भाषा झाली, पण हे हलले नाहीत म्हणे. शालननं तो शेवट वर्गात पुन्हा सांगितला, बाकी अकराही जणांनी वहीत उतरवून घेतला. परीक्षेत शेवटाचं विवेचन करा, असा पंधरा गुणांचा प्रश्न आला आणि सगळ्यांना भरघोस गुण पडले. पेपरच्या पहिल्या दिवशी गणपतराव तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून घेऊन आले होते. फाटकात माझं त्यांच्याशी दोन शब्द बोलणं झालं तेवढंच.

पुढच्या वर्षी ती कादंबरी अभ्यासक्रमातून गेली. नवी आवृत्ती काही निघाली नाही, आणि मीही ती शोधली नाही. शेवट माहीत असलेल्या पुस्तकामागे कोण धावतो? गोष्ट मात्र मी गावोगावच्या शिबिरांत सांगितली. एका कादंबरीच्या शेवटानं एका बापाचं मन कसं पालटलं, साहित्यात केवढी ताकद असते, वगैरे. श्रोते टाळ्या वाजवत आणि टाळ्या मी माझ्याच समजून घेत असे.

निवृत्तीनंतर वर्षभरानं, एका रविवारी सकाळी शालन माझ्या घरी आली. आता ती एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, केस पिकलेले, डोळ्यांवर चष्मा. गणपतराव महिन्यापूर्वी गेल्याचं मला कळलं होतं. चहा झाला, जुन्या वर्गाच्या आठवणी निघाल्या, हुक्केरींची आठवण निघाली. मग तिनं पिशवीतून खाकी कव्हरची एक जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. वर हुक्केरींच्या अक्षरात चौदाचा आकडा.

"शेळीनं खाल्ला नव्हता सर."

"म्हणजे तू लपवून ठेवला होतास?"

"मी नाही. आबांच्या पेटीत सापडला, पोथीच्या फडक्यात बांधलेला." ती म्हणाली, त्या शनिवारी तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि सकाळी बघितलं तर आत फर्मा नव्हता. शेळीचं आबांनीच तिला सांगितलं. तिनंही ते खरंच धरलं. आबा श्रावणात देवळात पोथी वाचायचे, पण पोरीच्या कादंबरीला हात लावतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग शेवट तू वाचलास कधी?"

"आबांचे दिवस झाल्यावर. मागच्या आठवड्यात."

मी फर्मा उघडला आणि शेवटचं पान वाचलं. म्हातारा नावाडी तिथे कबूल करत होता: नाव मीच वेताच्या जाळीत लपवली होती. पुरात गेली म्हणून पोरीला सांगितलं. तीन दिवस ती काठावर बसली, चौथ्या दिवशी उठून घरात गेली. तिचं गावातच लग्न झालं. ती आजवर माझ्या नावेत बसली नाही, म्हणून मी दुसऱ्यांना बसवून सांगत असतो. कादंबरी तिथे संपत होती. आमच्या पोरांना भरघोस गुण देणाऱ्या परीक्षकांनीही ती वाचलेली नसावी.

पानाच्या खालच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग होते. मी जवळ धरून बघितलं. बोटांचे ठसे होते, एकावर एक उमटलेले.

"गुळाचे आहेत," शालन म्हणाली. "एकदा वाचून इतके उमटत नाहीत."

मी चष्मा काढून पुसला. त्या दुपारी सोप्यात आम्ही तिघं होतो. तिला शेवट माहीत नव्हता आणि तिनं तो बापासाठी रचला. बापाला खरा शेवट माहीत होता आणि आपल्या पोरीनं तो वाचलेला नाही, हेही त्यालाच माहीत होतं. तो काही बोलला नाही. 'कुणासाठी सांगतंय ते आधी बघा' असं फळ्यावर लिहिणारा मीच तेवढा, घोंगड्यावर बसून, ती मला सांगतेय असं समजत होतो.

"म्हणजे माझं खोटं त्यांनी पकडलं होतं सर, आणि मला कधीच कळू दिलं नाही," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी फाटकात ते तुमच्याशी काही बोलले होते का?"

मला ते लख्ख आठवत होतं. शिबिरांत ते सांगून मी हमखास टाळ्या घेत असे, पण तिला कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो होतो, बसा, चहा घेऊ. तर ते म्हणाले, "नको सर. पोरीला सोडलंय, आता म्हागारी जाताना सायकल हलकी लागती का बगतो."

शालननं फर्मा उचलून मांडीवर घेतला.

"त्या दिवशी आबा सायकल हातात धरून चालत घरी आले होते," ती म्हणाली. "नऊ किलोमीटर. आई म्हणाली, पंक्चर झाली असंल."

"आणि?"

"संध्याकाळी मी घरी येऊन बघितलं सर. पंक्चर नव्हती."